फुप्फुसांतील गांठ आणि तिचे पहारेकरी
(नभोवाणीवरील भाषण)



माझें सारें आयुष्य फळ्यासमोर गेलें. मी डॉक्टर नव्हे, शास्त्रज्ञ नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां वैद्यकांतील विषयावर बोलण्याचा अधिकार या मास्तराला कोणीं दिला, असा प्रश्न आपल्या मनांत येणें साहजिक आहे. माझें उत्तर एवढेंच कीं, ज्या गोष्टीविषयीं मी आज बोलणार आहें ती माझ्या स्वतःच्या छातींत होती, आणि ती मीं सूक्ष्मदर्शक यंत्रांतून डोळ्यांनीं पाहिली आहे. शिवाय, त्याच गोष्टीविषयींच्या अज्ञानामुळें माझा एक जिवलग सहकारी मीं गमावला आहे. त्यांच्यापासूनच आरंभ करतों.

आमच्या शाळेंत ते चित्रकला शिकवीत. तीस वर्षें आम्ही एकाच खोलींत शेजारीं शेजारीं बसलों. निवृत्तीनंतर त्यांना बारीक खोकला लागला, तो जाईना, म्हणून छातीचें क्ष-किरण चित्र काढलें. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागांत रुपयाएवढी सावली दिसली. सांगणाऱ्यानें ‘गांठ’ हा शब्द उच्चारला आणि घरच्यांनीं ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकला. सुईनें गांठीचा कण काढून तपासावा असें डॉक्टर म्हणाले. परंतु “गांठीला सुई लावूं देऊं नका, ती पसरते,” असें एका नातलगानें बजावलें, आणि तें सर्वांना पटलें. गुरुजींनीं देणींघेणीं मिटविलीं, रंगांच्या पेट्या जुन्या विद्यार्थ्यांना वाटून टाकल्या आणि ते मरणाची वाट पाहत बसले. असे आठ महिने गेले. नवव्या महिन्यांत खोकल्याबरोबर रक्त आलें तेव्हां त्यांना रुग्णालयांत नेलें. थुंकी तपासतांच क्षयाचे जंतु दिसले. तोंवर दोन्ही फुप्फुसें पोखरून निघालीं होतीं. औषध सुरू झालें, पण तीन आठवड्यांत ते गेले. ज्या नातवाला मांडीवर घेऊन ते चित्रें काढावयास शिकवीत, त्या मुलालाहि क्षयाची बाधा झाली होती. तो सहा महिन्यांच्या औषधानें बरा झाला. तेंच औषध आजोबांच्याहि रोगाला होतें.

तेव्हांपासून मी स्वतःला विचारूं लागलों कीं, जी कॅन्सर नव्हे ती गांठ म्हणजे तरी काय? दोन डॉक्टर विद्यार्थ्यांनीं मला पुस्तकें आणून दिलीं, शंका फेडल्या, आणि हळूहळू उलगडा झाला. कॅन्सरच्या गांठींत शरीरांतील एखाद्या पेशीची बेबंद वंशवृद्धि झालेली असते. दाहानें झालेल्या गांठींत मात्र बहुतेक पेशी बाहेरून आलेल्या असतात. रक्तांतून, लसिकाग्रंथींतून त्या चालत येतात आणि एका जागीं गोळा होतात. पहिली वाढ आहे, दुसरा जमाव आहे. अशा गांठीला वैद्यकांत ‘सौम्य’ म्हणतात. येथें ‘सौम्य’ याचा अर्थ ‘कॅन्सर नव्हे’ एवढाच घ्यावयाचा. ‘निरुपद्रवी’ असा घेऊं नये. जमाव कोणाच्या हांकेवरून जमतो, कसा जमतो, आणि काम झाल्यावर पांगत कां नाहीं, या तीन प्रश्नांचीं उत्तरें आज मी आपल्यासमोर ठेवणार आहें.

प्रथम जागेचा विचार करूं. आपलें हृदय, यकृत, मेंदु हे सर्व बंद दाराआड असतात. फुप्फुस मात्र सदैव उघडें. दिवसाकांठीं आठ-दहा हजार लिटर हवा त्यांत येते-जाते, आणि तिच्याबरोबर धूळ, धूर, बुरशीचे कण व जंतु हेहि येतात. फुप्फुसांत हवेच्या कित्येक कोटि सूक्ष्म पिशव्या आहेत. त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटींच्या घरांत आहे. एवढ्या नाजूक जागेची झाडलोट करावयास प्रत्येक वायुकोशाच्या परिसरांत भक्षक पेशी फिरत असतात. जें परकें दिसेल तें गिळावें आणि पचवावें हें त्यांचें नित्याचें काम. कचरा थोडा असेल तर काम मुकाट्यानें उरकतें, आपल्याला त्याची वार्ताहि लागत नाहीं. आलेला पाहुणा आटोक्याबाहेरचा निघाला म्हणजे मात्र या पेशी हांक घालतात.

ही हांक आणि तिला ओ देऊन येणाऱ्या पेशी मनुष्याला प्रथम दिसल्या त्याची हकीकत मनोरंजक आहे. १८६७ सालीं बर्लिन येथें ज्युलियस कोनहाइम यानें बेडकाच्या आंतड्याचा पातळ पडदा पसरून सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला. दाह सुरू झाल्यावर रक्तांतील पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि भिंतींतून पार होऊन बाहेर पडतात, हें त्यानें पाहिलें. पुढें १८८२ सालीं सिसिली बेटांतील मेसीना येथें एली मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होता. घरचीं माणसें सर्कस पाहावयास गेलीं असतां तो एकटाच घरीं बसला होता. तारामाशाच्या पारदर्शक अर्भकांत हलणाऱ्या पेशी पाहतां पाहतां त्याच्या मनांत आलें कीं, याला कांटा टोंचला तर या पेशी कांट्याभोवतीं जमतील काय? त्यानें बागेंतले कांटे आणून टोंचले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतो तों कांट्याभोवतीं पेशींचा वेढा पडलेला! या विचाराच्या पाठपुराव्याबद्दल त्याला १९०८ सालीं पॉल एर्लिख याच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां हांक म्हणजे काय तें पाहूं. खेड्यांत एखाद्याच्या कोठारांत चोर शिरला म्हणजे घरधनी आरोळी देतो. तसें भक्षक पेशी रासायनिक द्रव्यें सोडते. त्यांतील कांहीं द्रव्यें जवळच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आंतल्या अस्तरावर परिणाम करतात. एरवीं गुळगुळीत असणारें तें अस्तर तेवढ्या भागापुरतें चिकट होतें. वेगानें वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी तेथें अडखळतात, भिंतीवरून गोट्यांसारख्या घरंगळत जातात, मग घट्ट चिकटतात, आणि शेवटीं आपलें अंग चपटें करून दोन अस्तरपेशींच्या फटींतून बाहेर सरकतात. बाहेर आल्यावर वाट कशी सांपडते? तर दुसरीं कांहीं द्रव्यें उगमाजवळ दाट आणि दूरवर विरळ पसरलेलीं असतात. मुंगी जशी वासावरून गुळापर्यंत पोंचते, तशी पेशी विरळाकडून दाटाकडे चालत जाते. म्हणजे या जमावाला सेनापति नाहीं. प्रत्येक पेशी केवळ आपल्यापुरता वास ओळखते, आणि तरीहि सर्व एकाच ठिकाणीं येऊन ठाकतात.

साध्या न्यूमोनियांत हा जमाव येतो तसा जातोहि. आधीं धांवून येणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी अल्पायुषी असतात. जंतूंना मारून थोड्याच दिवसांत त्या स्वतःहि मरतात. मागून आलेल्या भक्षक पेशी त्यांचीं प्रेतें उचलतात, हांक थांबते, आणि कांहीं आठवड्यांत बहुधा फुप्फुस पूर्ववत् स्वच्छ होतें. जमाव पांगण्याची अट एकच, ती म्हणजे जमण्याचें कारण नाहींसें व्हावें.

कारण नाहींसें झालें नाहीं तर? येथें क्षयाच्या जंतूची गांठ पडते. ज्या १८८२ सालीं मेचनिकॉफनें कांटा टोंचला, त्याच वर्षीं २४ मार्च रोजीं बर्लिनमध्यें रॉबर्ट कॉख यानें या जंतूचा शोध जाहीर केला होता. हा जंतु मोठा चिवट. त्याचें कवच मेणासारखें आणि त्याची वाढ इतकी मंद कीं, कित्येक जंतु वीस मिनिटांत दुप्पट होतात तर यास सुमारें वीस तास लागतात. भक्षक पेशी त्याला गिळते, परंतु तिच्या पोटांतील ज्या पाचक रसानें त्याचा नाश व्हावयाचा, तो रस आपल्यापर्यंत पोंचूंच नये अशी युक्ति या जंतूपाशीं आहे. गिळलेला जंतु आंतच राहतो आणि वाढतो. चोराला कोंडावयास गेलेल्या रखवालदाराच्याच घरीं चोर बिऱ्हाड करून राहावा, तसें हें आहे.

मग हांक चालूच राहते. रक्तांतून नव्या भक्षक पेशी येतात. कांहीं पेशी जंतूचा नमुना घेऊन जवळच्या लसिकाग्रंथींत जातात आणि तेथें लिंफोसाइट नांवाच्या पेशींना या शत्रूची ओळख पटवितात. या शिकवणीला वेळ लागतो. दोन ते आठ आठवडे जातात. शिकून तयार झालेले लिंफोसाइट फुप्फुसांत परततात आणि भक्षक पेशींना बळ देणारीं द्रव्यें त्यांच्यावर सोडतात. या सर्व येणाऱ्यांची मिळून जी रचना उभी राहते तिला ग्रॅन्युलोमा असें नांव आहे.

ती रचना मीं पाहिली. गुरुजी गेल्यानंतर दोन वर्षांनीं, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीं काढलेल्या क्ष-किरण चित्रांत माझ्याहि फुप्फुसावर सावली निघाली. घरांत तीच कुजबुज सुरू झाली. परंतु माझी पत्नी म्हणाली, “अहो, तुमचे मित्र गेले ते तपासलें नाहीं म्हणून. तुम्ही तरी तपासून घ्या.” सी. टी. यंत्राच्या साहाय्यानें नेम धरून सुईनें कण काढला. त्यानंतरचे अकरा दिवस कसे गेले तें सांगत नाहीं. निदान हातीं आल्यावर मीं विकृतिशास्त्रज्ञ डॉक्टरांना विनंति केली कीं, जें माझ्या छातींत आहे तें मला दाखवा. ते तरुण गृहस्थ हसून म्हणाले, “या गुरुजी, बसा.”

भिंगाखालीं गुलाबी आणि निळ्या रंगांचा एक गालिचा होता. मध्यभागीं फिकट गुलाबी, निराकार असा भाग दिसला. तो मेलेल्या पेशींचा चुरा. प्रत्यक्षांत तो पनीरासारखा भुसभुशीत असतो. त्याच्या भोवतीं लांबट, एकमेकींना खेटून बसलेल्या पेशींची रांग होती. या मूळच्या भक्षक पेशीच. पण दीर्घ पहाऱ्यानें त्यांनीं रूप पालटून विटांसारखी भिंत रचलेली. त्यांत अधूनमधून कांहीं पेशी एकमेकींत मिसळून एकच राक्षसी पेशी बनली होती, आणि तिचीं अनेक केंद्रकें कांठाशीं घोड्याच्या नालासारखीं मांडलेलीं होतीं. थिओडोर लँगहान्स यानें १८६८ सालीं हिचें वर्णन केलें, म्हणून तिला त्याचें नांव आहे. या भिंतीच्या बाहेर लिंफोसाइटांचे गडद निळे ठिपके, मोहरीचे दाणे सांडावे तसे. आणि सर्वांत बाहेर तंतूंचें कुंपण. ज्या गांठीला मी शत्रु समजत होतों ती बहुतांशीं माझ्याच पहारेकऱ्यांची होती. शत्रु होता तो मध्यें कोठें तरी, मोजका, आणि त्या काचेवर मला दिसलाहि नाहीं. त्याचा पत्ता जनुकीय तपासणीनें लागला.

हा पहारा किती मोलाचा आहे याचा पुरावा दोन ठिकाणीं मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें जगांतील सुमारें चतुर्थांश लोकांना क्षयजंतूची बाधा झालेली आहे. परंतु त्यांपैकीं आयुष्यभरांत रोग जडतो तो शेंकडा पांच ते दहांनाच. बाकीच्यांचा जंतु हा जमाव दाबून ठेवतो. दुसरा पुरावा उलट बाजूचा. संधिवातावर टी. एन. एफ. हें द्रव्य निष्प्रभ करणारें औषध निघालें. जमावाला एकत्र बांधणाऱ्या द्रव्यांपैकींच हें एक. २००१ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, तें औषध घेणाऱ्या कांहीं रोग्यांत दबलेला क्षय उसळून आला. एच. आय. व्ही. नें लिंफोसाइटांची संख्या घटली म्हणजेहि तेंच होतें. पहारेकरी घरीं पाठविले कीं चोर कोठाराबाहेर पडतो.

एवढ्यावरून जमाव सदैव हितकारकच असतो असें मात्र समजूं नये. बडोद्यांत वाढलेल्या आणि तेथेंच वैद्यकाचें शिक्षण घेतलेल्या डॉ. ललिता रामकृष्णन् यांनीं आपल्याकडील ओढ्यानाल्यांत आढळणाऱ्या पट्टेदार झेब्राफिश या इवल्या माशावर प्रयोग केले. त्याचीं पिलें पारदर्शक असतात, त्यामुळें जमाव कसा जमतो तें जिवंतपणींच दिसतें. क्षयजंतूच्या एका भाऊबंदाची बाधा त्या पिलांना दिली. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या या संशोधनांत असें दिसलें कीं, बाधित पेशी मेली म्हणजे तिला उचलावयास अनेक नव्या पेशी येतात, तिच्याबरोबर जंतूहि गिळतात, आणि स्वतः बाधित होतात. त्यांतली एखादी तेथून निघून दुसरीकडे नवा जमाव उभारते. म्हणजे आरंभींच्या काळांत पहारेकऱ्यांची रीघ चोरालाच नवीं घरें मिळवून देते. पुढें भिंतीचा मधला भाग वितळून श्वासनलिकेंत फुटला तर तेथें पोकळी पडते आणि जंतु खोकल्यावाटे बाहेर पडतात. माझ्या मित्राचें तेंच झालें होतें, आणि नातवाला बाधा झाली ती याच वाटेनें.

फुप्फुसांत जमणारे सगळेच जमाव क्षयाचे नसतात. सार्कॉइडोसिस नांवाच्या विकारांत असेच ग्रॅन्युलोमा होतात, पण त्यांच्या मध्यभागीं तो भुसभुशीत चुरा बहुधा नसतो; पुष्कळदां ते आपोआप ओसरतात. आणखी एका प्रकारांत प्लाझ्मा पेशी गोळा होतात. या पेशींचें काम प्रतिद्रव्यें बनविण्याचें. २००१ सालीं जपानी डॉक्टरांनीं स्वादुपिंडाच्या एका दाहाचा संबंध अशाच एका प्रतिद्रव्याच्या वाढीशीं जोडला, आणि पुढें तोच विकार फुप्फुसांतहि गांठी निर्माण करतो असें आढळलें. तो स्टेरॉइड औषधानें बहुधा लवकर उतरतो. येथें थोडें थांबून विचार करावा. क्ष-किरण चित्रांतील सावली तीच. परंतु एकीला स्टेरॉइड तारक, तर क्षयाच्या गांठीला नुसतें तेंच दिलें तर घातक, कारण तें पहारेकऱ्यांनाच झोंपवितें. आणि तीच सावली कॅन्सरची असली तर औषधोपचार सर्वस्वीं निराळा.

मग सावलीवरून भेद कळत नाहीं काय? कांहीं अंशीं कळतो. गांठींत चुना सर्वत्र सांचलेला असेल, किंवा ती वर्षानुवर्षें वाढली नसेल, तर ती जुनी व निवलेली समजतात. पण नव्या गांठीविषयीं यंत्रेंहि फसतात. पेट स्कॅन या तपासणींत खुणेची साखर टोंचून कोणत्या पेशी ती अधिक खातात तें पाहतात. कॅन्सरच्या पेशी साखरेच्या भुकेल्या असतात म्हणून त्या चमकतात. पण कामाला जुंपलेल्या संरक्षक पेशीहि तितक्याच भुकेल्या असतात, आणि त्याहि चमकतात! २०२३ सालीं जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चतुर्थांश एकट्या भारतांत होते. अशा देशांत चमकणारी प्रत्येक गांठ कॅन्सरची मानणें जितकें चुकीचें, तितकेंच प्रत्येक गांठ क्षयाची मानून वर्षभर औषध देत राहणेंहि चुकीचें. जमाव कोणाचा आहे हें जमावांतल्या चार जणांना जवळून पाहिल्यावांचून कळत नाहीं, आणि पाहण्याचा मार्ग म्हणजे ती सुई.

त्या सुईविषयीं दोन शब्द. तिच्यानें फुप्फुसाभोवतीं थोडी हवा सुटणें, थोडें रक्त येणें हे धोके असतात, आणि ते डॉक्टर आधीं सांगतात. परंतु सुईच्या वाटेनें गांठ पसरल्याचीं उदाहरणें अत्यंत विरळ आहेत. त्या विरळ भीतीपायीं निदानच टाळणें म्हणजे घर जळेल या भयानें चूल न पेटवितां उपाशी मरण्यासारखें आहे. प्रत्येक लहानशा ठिपक्याला सुई लावावी असेंहि नाहीं. कांहींवर नुसती नजर ठेवून ठराविक काळानें पुन्हां चित्र काढतात. काय करावें हें डॉक्टरांनीं ठरवावें. आपण एवढेंच करावें कीं, त्यांनीं सांगितलेली तपासणी टाळूं नये, आणि स्टेरॉइड किंवा संधिवातावरील नवें औषध सुरू होण्यापूर्वीं स्वतःला वा घरांतल्या कोणाला पूर्वीं क्षय झाला असल्यास तें निःसंकोचपणें सांगावें. आणि दोन आठवड्यांहून अधिक दिवस खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी. तीस सुईचीहि गरज नाहीं.

माझें औषध सहा महिने चाललें. जंतु मेले तशी हांक थांबली, आणि पहारेकरी एकेक करून पांगले. वर्षभरानें काढलेल्या चित्रांत त्या जागीं चुन्याचा एक बारीक ठिपका तेवढा उरला होता. डॉक्टर म्हणाले, हा आतां जन्मभर राहील, याची चिंता करूं नका. गुरुजींच्या रंगांच्या पेट्यांपैकीं एक त्यांच्या मुलानें माझ्याकडे आणून दिली होती. ती आतां त्या नातवाला परत दिली आहे. तो यंदां मॅट्रिकच्या वर्गांत आहे, आणि चित्रें बरीं काढतो.